यून यो-जोंग यांच्या हिशोबातली तफावत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'उतारवयात उघडलेली नशिबं' हा लेख वाचला. चौघांची नशिबं उघडली आहेत, त्यांत तिसरं नाव कोरियाच्या एका नटीचं. '७३ व्या वर्षी या आजीबाईंचं नशीब असं फळफळलं की थेट ऑस्करच पदरात!' असं वाक्य आहे. आजीबाईंचं नाव लेखात एकदा 'यून यूह', एकदा 'जुंग यून' असं पडलंय आणि फोटोखाली नुसतंच 'ब्रॅड पिटसोबतचा क्षण'. नावाचं जाऊ द्या. परदेशी लोक आपल्या नावाची कशीही मोडतोड करतात, पण आज सगळ्यांना माफ, असं त्यांनी ऑस्करच्या व्यासपीठावरूनच सांगून टाकलं होतं. त्यात तुम्हीही आलात.

हिशोबाला मात्र माफी नाही. मी एका सहकारी बँकेत ३१ वर्षं रोखपाल होते. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. तुमच्या लेखात तब्बल पंचावन्न वर्षांची तफावत आहे, ती दाखवावी म्हणून हे पत्र. लांबलंय, हवं तर कापा. फक्त आकडे कापू नका.

यून यो-जोंग यांचा जन्म १९ जून १९४७चा, केसोंगचा. ते गाव तेव्हा दक्षिणेच्या बाजूला होतं. युद्ध झालं, रेषा सरकली आणि जन्मगाव उत्तर कोरियात गेलं. सोलच्या हानयांग विद्यापीठात कोरियन साहित्य शिकत असताना १९६६ साली टीबीसी नावाच्या वाहिनीच्या निवड चाचणीतून त्या टीव्हीवर आल्या आणि पदवी तशीच राहिली. ऑस्कर मिळालं ते २५ एप्रिल २०२१ला. आता वजाबाकी तुम्हीच करा.

१९७१ साल बघा. बाई २४ वर्षांच्या. एमबीसी ह्या दुसऱ्या वाहिनीवर 'जांग ही-बिन' ही मालिका लागली. ही जांग ही-बिन सतराव्या शतकातल्या सुकजोंग राजाची राणी. राजवाड्यात दासी म्हणून आली, पट्टराणी झाली, पदावरून उतरली आणि शेवटी तिला राजाज्ञेने विष घ्यावं लागलं. कोरियात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली खलनायिका. यूनबाईंनी ती अशी केली की लोक खवळले. एका शीतपेयाच्या जाहिरातीत त्यांचा फोटो होता, त्या पोस्टरवरचे डोळे लोकांनी फोडले. आमच्याकडे निळूभाऊ फुल्यांना बायाबापड्या खऱ्याखुऱ्या शिव्या घालायच्या, त्यातलाच प्रकार. नटाला ह्याहून मोठी पावती कुठली? पण २४ वर्षांच्या मुलीला ती पचवायची म्हणजे कठीणच.

त्याच वर्षी त्यांचा पहिला चित्रपट आला, 'वुमन ऑफ फायर'. दिग्दर्शक किम की-यंग. ह्या गृहस्थांनी १९६० साली 'द हाउसमेड' काढला होता, घरात कामाला आलेल्या मोलकरणीमुळे उद्ध्वस्त होणाऱ्या सुखवस्तू कुटुंबाची गोष्ट. तीच त्यांनी नव्याने, रंगीत काढली आणि खेड्यातून आलेली मोलकरीण म्हणून ह्या टीव्हीवरच्या मुलीला घेतलं. माझ्या भाचीने कुठून तरी मिळवून मला तो दाखवला. खाली पळणारी इंग्रजी अक्षरं वाचता वाचता माझे डोळे दुखले, पण मी उठले नाही. घराला लागून कोंबड्यांचा धंदा, भडक लाल-निळा उजेड आणि मधोमध ही सडपातळ पोर. आधी मालकिणीच्या तोंडाकडे बघत जीव मुठीत धरून वावरते आणि मग हळूहळू त्याच घराचा श्वास आवळत नेते. आवाज थोडा घोगरा. गोड दिसायची जराही खटपट नाही. ह्या पहिल्याच चित्रपटाने त्यांना कोरियातलं ब्लू ड्रॅगन आणि स्पेनमधल्या सिट्जेस महोत्सवातलं, अशी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची दोन बक्षिसं मिळवून दिली.

म्हणजे नशीब 'उघडायचंच' असेल तर ते १९७१लाच सताड उघडलं होतं. पुढे काय झालं ते तुमच्या लेखात नाही.

पुढे लग्न झालं. नवरा नावाजलेला गायक. बिऱ्हाड अमेरिकेत, फ्लोरिडात. दोन मुलगे. काम बंद. त्या काळी कोरियात लग्न झालेल्या नटीने घरी बसायचं हे इतकं गृहीत होतं की कुणाला आश्चर्यही वाटलं नाही. आम्हाला तरी कशाला वाटावं? माझ्या लग्नाच्या बैठकीत 'मुलगी नाटकात कामं करते' हे वाक्य माझ्या काकांनी 'मुलीला वाचनाची आवड आहे' असं फिरवून सांगितलं होतं. पुढची ११ वर्षं मी स्टेजवर पाऊल ठेवलं नाही.

फ्लोरिडात यूनबाईंनी एका सुपरमार्केटात कॅशियरची नोकरी केली. ताशी २.७५ डॉलर. हे त्यांनी मुलाखतींतून लपवाछपवी न करता सांगितलंय. तुमच्या लेखकाला ह्यात काही दिसलं नसेल, कारण त्याने कधी गल्ला सांभाळला नसावा. मी सांभाळलाय. अंगठ्याला रबरी टोपी, समोर ओल्या स्पंजची वाटी, काचेपलीकडे माणसांची रांग. त्या माणसांच्या लेखी तुम्हाला चेहरा नसतो, फक्त हात असतात. दिवसभर दुसऱ्याचे पैसे मोजायचे आणि एकाही नोटेशी आपला संबंध नाही. १९९४ साली एका शनिवारी माझ्या रोकडीत पाच हजार कमी आले. तीनदा मोजलं, पाकिटं उलटी केली, कचऱ्याची टोपली उपसली. कुणाला जास्त गेले ते मला आजही पक्कं ठाऊक आहे, पण सिद्ध करता आलं नाही. पगारातून हप्त्याने भरले.

त्याच सुमाराला मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी पुन्हा तालमीला जाऊ लागले होते. मुलाची वाट बघत बसलेल्या आईचा प्रवेश होता. चौथ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाले, 'बाई, संवाद छान, पण तुमचा उजवा अंगठा काय करतोय?' बघते तर मांडीवर माझा अंगठा बोटांवरून सरकत होता. नोटा मोजत होता! मी शरमले. ते म्हणाले, 'थांबवू नका, ठेवा तसंच. ही बाई दिवस मोजतेय.' तेव्हापासून मी कुठल्याही नटाचे हात आधी बघते, तोंड नंतर.

विषयांतर झालं.

१९८४ साली यूनबाई कोरियात परतल्या, १९८७ला घटस्फोट झाला. आता हातात दोन मुलगे, चाळिशी आलेली आणि कपाळावर 'घटस्फोटित' हा शिक्का. त्या काळच्या कोरियन टीव्हीला घटस्फोटित बाई पडद्यावर नको असायची. लोक वाहिनीकडे तक्रारी करायचे. आवाज आवडत नाही, अशाही तक्रारी आल्या. १९७१ साली डोळे फोडणारे हेच प्रेक्षक, आता पंधरा वर्षांनी थोराड झालेले. नायिकेचा प्रश्नच नव्हता, मिळेल ते काम घ्यायचं. मुलांची फी भरायची आहे म्हणून घेतलं, असं बाई स्वतः सांगतात. कला वगैरे शब्द त्या वाऱ्यालाही उभे करत नाहीत. पोटात भूक असली की नट बरं काम करतो, अशा अर्थाचं त्या एकदा नव्हे, बऱ्याचदा बोलल्या आहेत.

अशा वेळी त्यांच्या पाठीशी उभी राहिली ती लेखिका किम सू-ह्यून. (माझी भाची ह्या नावावर किंचाळली, म्हणून खुलासा: त्या नावाचा आजचा तरणाबांड हिरो वेगळा. ही कोरियन मालिकालेखनातली मोठी बाई.) तिच्या मालिकांतून यूनबाई पुन्हा घरोघर पोचल्या. १९९१-९२ साली एमबीसीवर लागलेली तिची 'व्हॉट इज लव्ह' ही मालिका तर देशातल्या निम्म्याहून जास्त टीव्हींवर चालू असायची. त्यात ह्या नायिकेच्या आई. वय ४४.

आईच्या भूमिका! ह्यावर वेगळं पत्र लिहायला हवं. मला पहिली आई मिळाली ती २९व्या वर्षी आणि माझा स्टेजवरचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा होता. केसांना पांढरी पावडर, कमरेत वाक, आवाजात कंप. सगळ्या आया तशाच. यूनबाईंच्या आया मात्र एकीसारखी दुसरी नाही आणि 'माउली' तर एकही नाही. २००३च्या 'अ गुड लॉयर्स वाइफ'मध्ये त्या सासू आहेत. नवरा यकृताच्या आजाराने मरणाच्या दारात आणि ह्या बाईंचं शाळेतल्या एका जुन्या वर्गमित्राशी जमलंय. पश्चात्ताप नाही, डोळ्याला पदर नाही. उलट आयुष्यात पहिल्यांदा मजा येतेय, हे ती मुला-सुनेला जेवता जेवता सांगावं तसं सांगते. मी बघताना आपोआप दाराकडे पाहिलं, कुणी आलं तर नाही ना!

त्याच दिग्दर्शकाने, इम सांग-सू यांनी, २०१० साली 'द हाउसमेड' पुन्हा केला आणि त्यात यूनबाईंना घेतलं. ह्या वेळी म्हाताऱ्या मोलकरणीच्या भूमिकेत. संपादक महाशय, इथे जरा थांबा. १९७१ साली त्या कथेतली तरुण मोलकरीण त्यांनीच केली होती. ३९ वर्षांनी त्याच कथेत त्या पुन्हा आल्या आणि दाराआडून नव्या पोरीचं तेच होताना बघत राहिल्या. श्रीमंताच्या घरात जन्म काढलेली, सगळं माहीत असलेली, सगळं गिळलेली बाई. मालकांसमोर पाठ ताठ आणि एकटी असली की सिगारेट. मोलकरीण ते मुख्य मोलकरीण, असा हा प्रवास. बढतीच म्हणायची! दुसऱ्या कुठल्या नटीच्या वाट्याला असा योग आला असेल तर मला कळवा. तुमच्या लेखात ही एक ओळ असती तरी मी पत्र लिहिलं नसतं.

साठीनंतर त्यांनी एक ठरवलं. मुलं मार्गी लागली, आता पैशाकडे न बघता आवडत्या माणसांबरोबरच काम करायचं. हीच आपली चैन, असं त्या म्हणतात. चैनीत त्यांनी काय निवडलं? २०१६चा 'द बॅकस लेडी'. सोलमधल्या बागांमध्ये म्हाताऱ्यांना शक्तिवर्धक पेयाच्या बाटल्या विकण्याच्या निमित्ताने स्वतःला विकणाऱ्या साठी उलटलेल्या बाईची गोष्ट. तिची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून अंथरुणाला खिळतात, एकटी पडतात आणि मरायला मदत कर म्हणून तिलाच गळ घालतात. त्या बाईची हातातली पर्स घट्ट धरून चालण्याची ढब मी विसरू शकत नाही. शेवट इथे सांगत नाही, पण तो बघून त्या रात्री मी बहिणीला फोन केला. वाट्याला आलेली चैन अशी असते का हो? सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या बाईला चांगल्या घरातल्या आजीची कामं सहज मिळाली असती.

आता 'मिनारी'. तुमच्या लेखातला सगळा मजकूर ह्याच एका चित्रपटावर होता, तरी त्यात चित्रपट नव्हता. 'मिनारी' ही कोथिंबिरीच्या कुळातली, ओढ्याकाठी पाण्यात फोफावणारी भाजी. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कन्सॉमध्ये शेती करायला गेलेलं कोरियन कुटुंब आणि त्यांच्याकडे राहायला आलेली आजी, सून-जा. चित्रीकरण ओक्लाहोमातल्या उन्हाळ्यात, बेताच्या पैशात, पंचवीस दिवसांत उरकलं. दिग्दर्शक ली आयझॅक चुंग यांच्या लहानपणावरून गोष्ट बेतलेली. त्यांच्या आजीची हुबेहूब नक्कल करायची का, असं बाईंनी आधीच विचारून घेतलं. ते नको म्हणाले, मग त्यांनी स्वतःची आजी उभी केली.

ती आल्या आल्या बॅग उघडते. तिखट, सुकी मासळी. मुलगी तिखटाची पिशवी हातात घेते आणि तिला रडू फुटतं. माझी बहीण न्यू जर्सीला लेकीच्या बाळंतपणाला गेली तेव्हा चार किलो कांदा-लसूण मसाला घेऊन गेली होती. विमानतळावर तो उघडायला लावला तर सगळा कक्ष शिंकला म्हणे. त्या दृश्यात मी बहिणीला बघत होते. नातू मात्र आजीकडे ढुंकून बघत नाही. ही कसली आजी? बिस्किटं भाजता येत नाहीत, तोंडात शिव्या, टीव्हीवर कुस्ती बघते. ती पोराला पत्ते शिकवते. तिचे हात बघा त्या वेळी! कोरियन पत्ते लहान आणि जाड असतात. ती नुसते टाकत नाही, चटाचट आपटते, वर आई-बाप काढते. त्यात नक्कल कुठेच नाही, हाताला सवय आहे.

मग तिला पक्षाघात होतो. आमच्या स्पर्धेत पक्षाघात म्हटला की तोंड वाकडं करून प्रेक्षकांकडे वळायचं आणि टाळी घ्यायची. इथे बाई काहीच 'दाखवत' नाहीत. मदत करावी म्हणून कचरा जाळायला जातात, आग पसरते, लेकीजावयाचं वर्षभराचं पीक जळतं. आणि त्या त्याच कपड्यांत, एक पाय ओढत, घराच्या उलट दिशेने रस्त्याने चालू लागतात. कुठे जायचंय ते नाही, फक्त इथे राहायचं नाही. संवाद नाही. पाठ दिसते. पोरं धावत येऊन वाट अडवतात. मी जन्मात असं पाठीने केलेलं काम पाहिलेलं नाही.

ऑस्करविषयी थोडक्यात. अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन. आदल्या वर्षी 'पॅरासाइट' ह्या कोरियन चित्रपटाने चार ऑस्कर नेली, पण त्यांत अभिनयासाठी कुणाचं साधं नामांकनही नव्हतं. सहायक अभिनेत्रीच्या ह्या विभागात आशियाई बाईला बक्षीस मिळालं ते जपानच्या मियोशी उमेकींनंतर, म्हणजे १९५८नंतर थेट. ब्रॅड पिट तिथे बक्षीस द्यायला होता, कारण त्याची कंपनी निर्मितीत होती. आम्ही चित्रीकरण करत होतो तेव्हा तू कुठे होतास, असं बाईंनी त्यालाच विचारलं. नंतर एका पत्रकाराने त्याचा वास कसा होता असं विचारलं. मी काय कुत्रा आहे का वास घ्यायला, असं उत्तर मिळालं. तुमच्या लेखातली पाच वाक्यं ब्रॅड पिटवर आहेत, हे मी मोजलंय.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. भाषणात नशीब हा शब्द त्यांनी स्वतःही वापरला. ग्लेन क्लोजशी मी कशी स्पर्धा करणार, आज माझं नशीब जरा बरं, असं म्हणाल्या. पण तो नामांकन मिळालेल्या बाकीच्या चार नट्यांचा मान राखण्याचा शिष्टाचार होता. आपण नाही का, बक्षीस मिळालं की 'सगळी आपली कृपा' म्हणत? कुणी ते खरं धरून मथळा करत नाही. लगेच पुढे त्यांनी मुलांचे आभार मानले. मला घराबाहेर काढून कामाला लावणारे तुम्हीच, आईने एवढे कष्ट केले त्याचं हे फळ, अशा अर्थाचं बोलल्या. आणि शेवटी आभार मानले ते पहिल्या दिग्दर्शकाचे, किम की-यंग यांचे. ते १९९८ साली घराला लागलेल्या आगीत पत्नीसह गेले. तरुणपणी हा विचित्र माणूस आपल्याला कळलाच नव्हता, त्याची थोरवी फार उशिरा कळली, असं त्या नेहमी सांगत आल्या आहेत. ज्या चित्रपटाने पन्नास वर्षांपूर्वी दार उघडलं त्याचा उल्लेख त्यांनी आवर्जून केला. तुम्ही केला नाहीत.

त्यानंतरही बाई थांबलेल्या नाहीत. २०२२च्या 'पाचिन्को' मालिकेत त्या जपानमध्ये म्हातारी झालेली कोरियन सुन्जा आहेत. एका घरी त्यांच्यापुढे भाताची वाटी येते. पहिल्या घासालाच त्यांना कळतं की हा तांदूळ आपल्या मातीतला आहे. घास तोंडात, चेहरा हलत नाही, फक्त डोळे भरतात. माझं माहेर आजऱ्याचं. माझी आई शेवटी माणसं विसरली होती, पण शेजारी आमच्याकडचा घनसाळ तांदूळ शिजला की मान वळवायची. मी मालिका तिथेच थांबवली आणि उरलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहिला.

तर विनंती अशी. तुमच्या दुसऱ्या पानावर खाली 'शुद्धिपत्र' म्हणून बारीक टाइपात चौकट असते. तीत एवढं छापावं: 'गेल्या रविवारी उल्लेख केलेल्या अभिनेत्रीचं नाव यून यो-जोंग. पहिली मालिका १९६६ सालच्या निवडीनंतर, पहिला चित्रपट १९७१. मधली काही वर्षं सुपरमार्केटात कॅशियर, ताशी २.७५ डॉलर.' जागा कमी पडली तर बाकीचं गाळा, शेवटचं वाक्य ठेवा.

आपली,
एक निवृत्त रोखपाल, सांगली
(नाव व पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. ते पाच हजारवाले गृहस्थ अजून तुमचा पेपर घेतात.)